इमिग्रेशनची लांब रांग टाळायची आहे? 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' नोंदणीची सगळी माहिती

बेळगाव (प्रतिनिधी) : आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाचा पहिला हिशेब असतो तो दिवसांचा. महिनाभराची रजा, त्यातला एक दिवस येण्यात जातो, एक परत जाण्यात. पहाटे मुंबईत विमान उतरतं, पाठोपाठ आणखी दोन-तीन विमानं उतरलेली असतात आणि इमिग्रेशनच्या हॉलमध्ये रांग मागे सरकत सरकत जिन्यापर्यंत आलेली असते. तिथे दीड तास गेला की बेळगावचं जोड-विमान हुकतं. मग दादर नाहीतर सायन गाठून बसचं तिकीट शोधा. घरचे रात्रभर जागे, आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दारात.

ही रांग टाळण्यासाठी केंद्र सरकारची एक योजना आहे, आणि तीही फुकट. नाव मोठं आहे : 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम'. थोडक्यात एफटीआय-टीटीपी. आपल्या भागातल्या बऱ्याच जणांना ती माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यातले काही जण तिला 'डिजीयात्रा' समजतात, तर काही जण एजंटला पैसे मोजून बसतात. म्हणून योजना काय आहे, अर्ज कसा करायचा आणि सीमाभागातल्या माणसाने कागदपत्रांत कुठे जपायचं, हे इथे एकत्र देत आहोत.

योजना काय आहे?

आधी एकदा आपली सगळी माहिती, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो सरकारकडे द्यायचा. सरकार पडताळणी करतं. ती मंजूर झाली की पुढच्या प्रवासात अधिकाऱ्याच्या काउंटरसमोर उभं न राहता स्वयंचलित ई-गेटमधून जाता येतं. जातानाही आणि येतानाही. सगळं जुळलं तर ३० सेकंदांत इमिग्रेशन होतं, असं सरकारचं म्हणणं आहे.

योजना केंद्रीय गृह मंत्रालयाची आहे आणि ती चालवतं ब्युरो ऑफ इमिग्रेशन. २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर टर्मिनल ३ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. सध्या ती भारतीय पासपोर्टधारकांसाठी आणि ओसीआय कार्डधारकांसाठी खुली आहे.

कोणत्या विमानतळांवर?

- २२ जून २०२४ : दिल्ली
- १६ जानेवारी २०२५ : मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची, अहमदाबाद
- ११ सप्टेंबर २०२५ : लखनऊ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोड, अमृतसर

हे झाले १३. एकूण २१ मोठ्या विमानतळांपर्यंत योजना नेण्याचा सरकारचा इरादा आहे, आणि नवी मुंबई व जेवर या नव्या विमानतळांवरही ही सोय देणार असल्याचं जाहीर झालं आहे.

या यादीत आपण कुठे बसतो ते बघा. हैदराबादच्या मराठी मंडळींना सोय घरच्या अंगणात आहे. वडोदऱ्याच्या लोकांना अहमदाबाद जवळ. ग्वाल्हेरकरांना दिल्ली सोयीची. बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी मुंबई किंवा बेंगळुरूहून परदेशी विमान धरलं तर उपयोग. पण गोव्याचं दाबोळी आणि मोपा, तसंच इंदूर या १३ मध्ये नाही. म्हणजे इंदूरहून किंवा मोपाहून थेट परदेशी विमान पकडत असाल तर तिथे नेहमीचाच काउंटर. तेच विमान मुंबईहून धरलं तर मात्र ई-गेट चालेल.

एक साधा नियम लक्षात ठेवा. इमिग्रेशन तिथेच होतं जिथून विमान देश सोडतं किंवा देशात पहिल्यांदा टेकतं. सांबऱ्याहून मुंबईमार्गे दुबईला निघालात तर तुमचं इमिग्रेशन मुंबईत, सांबऱ्यात नाही.

'डिजीयात्रा' वेगळी, हे वेगळं

डिजीयात्रा हे मोबाईलवरचं ॲप आहे. विमानतळाच्या दारातून आत जाणं, सुरक्षा तपासणीकडे जाणं, विमानात चढणं ही कामं त्यात चेहरा दाखवून होतात. डिसेंबर २०२२ पासून ते देशांतर्गत प्रवासासाठी सुरू झालं. इमिग्रेशनशी त्याचा संबंध नाही. डिजीयात्रा आहे म्हणून ई-गेट उघडत नाही. त्यासाठी टीटीपीची नोंदणी स्वतंत्रच करावी लागते.

आणि टीटीपीमुळे फक्त इमिग्रेशनची रांग वाचते हेही ध्यानात ठेवा. चेक-इन, सुरक्षा तपासणी, सामानाचा पट्टा, कस्टम्स हे सगळं इतरांसारखंच. हातात फक्त एक बॅग असलेल्याला फायदा जास्त. दोन मोठे खोके पट्ट्यावर सोडलेल्याला थोडा कमी.

अर्ज करण्याआधी

पासपोर्ट काढून मुदत बघा. अर्ज करताना किमान ६ महिने मुदत शिल्लक हवी. मंजूर झालेली नोंदणी जास्तीत जास्त ५ वर्षं चालते, किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत. यातलं जे आधी येईल ते. म्हणजे पासपोर्टला दीडच वर्ष उरलं असेल तर नोंदणीही दीड वर्षाचीच. अशा वेळी आधी पासपोर्ट नवा करून घ्या आणि नव्या नंबरावर अर्ज करा, म्हणजे तेच काम दोनदा नको. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. बेळगावकरांना त्यासाठी आता बेंगळुरू-हुबळी करावं लागत नाही, पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र गावातच आहे.

हाताशी ठेवायचे कागद : अलीकडचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्वच्छ स्कॅन प्रत, सध्याच्या पत्त्याचा पुरावा. ओसीआयवाल्यांना त्यांच्या कार्डाची प्रतही लागते. चालू मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या, कारण पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात. सायबर कॅफेवाल्याचा ई-मेल टाकून नंतर हात चोळत बसलेले लोक पासपोर्टच्या कामात आपण पाहिलेले आहेतच.

अर्ज असा करा

१. गृह मंत्रालयाचं पोर्टल उघडा. पत्ता : एफटीआयटीटीपी डॉट एमएचए डॉट गव्ह डॉट इन. अर्ज फक्त ऑनलाईनच होतो.

२. मोबाईल आणि ई-मेलवर आलेला ओटीपी टाकून खातं तयार करा. वयाच्या आणि फाईलच्या आकाराच्या अटी तिथेच दिलेल्या आहेत, त्या आधी वाचा.

३. फॉर्म पासपोर्ट समोर ठेवून भरा. आधार नाही, रेशन कार्ड नाही, पासपोर्टच.

४. फोटो आणि कागद अपलोड करा. पासपोर्टच्या कोपऱ्यावर बोट किंवा फ्लॅशचा डाग आलेली प्रत टाकू नका.

५. अर्ज पाठवला की यंत्रणा पडताळणी करतात. मंजुरी मिळाली की बायोमेट्रिकसाठी निरोप येतो.

६. बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायचा तो ठरलेल्या विमानतळावर किंवा एफआरआरओ कार्यालयात. परदेशी जाता-येता विमानतळावरच हे उरकता येतं. तेवढ्यासाठी पाचशे किलोमीटर जाण्यापेक्षा पुढच्या प्रवासातच करून टाकलेलं बरं.

७. हे सगळं पूर्ण झाल्याचा निरोप आला की पुढच्या वेळेपासून ई-गेट.

तिकीट काढल्यावर आठवड्यात होईल या भरवशावर राहू नका. प्रवास ठरायच्या कितीतरी आधी अर्ज करून ठेवा. आणि नोंदणी प्रत्येकाची वेगळी. नवऱ्याची झाली म्हणून बायको-मुलं त्याच्यामागून गेटमधून जाऊ शकत नाहीत.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या, गवंडीकाम किंवा शेती केलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. आधारच्या वेळी, रेशनच्या मशीनवर हा अनुभव अनेकांना आलाय. बायोमेट्रिकला जाण्याआधी चार-आठ दिवस रोज रात्री हाताला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, आणि त्या दिवशी हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून जा. मेंदी, चिकटपट्टी, ताजी जखम असेल तर तारीख पुढची घ्या.

ई-गेटवर काय होतं?

जाताना आधी बोर्डिंग पास स्कॅन करायचा, त्यावरून विमानाची माहिती घेतली जाते. मग पासपोर्ट स्कॅन. मग तुमची ओळख बायोमेट्रिकने पटवली जाते. जुळलं की दार आपोआप उघडतं आणि इमिग्रेशन झालं असं धरलं जातं. काही जुळलं नाही तर घाबरायचं कारण नाही, नेहमीचा काउंटर आहेच. म्हणूनच नोंदणी झाली तरी विमानतळावर अगदी काठावर पोहोचू नका.

परदेशात नोकरी करणाऱ्यांसाठी एक सूचना. वर्षात भारतात किती दिवस राहिलात यावर आयकराचं गणित ठरतं, १८२ दिवसांचा निकष बहुतेकांना ठाऊक आहे. येण्या-जाण्याच्या तारखांचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास आणि तिकिटं एका फाईलमध्ये जपून ठेवा. रिटर्न भरताना शोधाशोध करावी लागत नाही.

नावाचा घोळ : आपल्या भागातली खरी अडचण

ई-गेट हे यंत्र आहे. त्याला 'साहेब, तेच नाव आहे हो' असं सांगता येत नाही. बोर्डिंग पास, पासपोर्ट आणि नोंदणी या तिन्ही ठिकाणी नाव एकच हवं.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर मात्र अनेकदा नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. कुणाच्या पासपोर्टात वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून आलंय, कुणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा. लग्नानंतर सासरचं नाव आधारवर चढलं, पासपोर्टवर माहेरचंच राहिलं. यातलं काहीही असलं तरी तिकीट आणि टीटीपीचा फॉर्म पासपोर्टप्रमाणेच भरा. दुरुस्ती करायची असेल तर आधी पासपोर्टात करा, मग इकडे या.

आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो भरून घेणं तसंही शहाणपणाचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर येण्यास मनाई केली होती. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला, पण तोवर लोकांची धावपळ व्हायची ती झालीच.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने शहराचं नाव इंग्रजीतही बदललं. त्यामुळे एकाच माणसाच्या जुन्या पासपोर्टात जन्मगावाचं स्पेलिंग एक आणि आधारच्या पत्त्यात दुसरं. माझ्या स्वतःच्या कागदांत हेच आहे. अशा वेळी मनाने 'सुधारून' लिहू नका. जन्मगावाच्या रकान्यात पासपोर्टावर जे छापलंय तेच, आणि पत्त्याच्या रकान्यात जो पुरावा जोडताय त्यावर जे आहे ते.

आंदोलनाचा गुन्हा अंगावर असेल तर?

हा प्रश्न सीमाभागात टाळून चालणार नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी असो की आणखी कुठलं आंदोलन, त्यानंतर दाखल झालेल्या गुन्ह्यांत नाव असलेली मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत. कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षं चालतात. टीटीपीत पडताळणी होते, आणि खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर द्या.

पण त्याआधी पासपोर्टचा कायदा समजून घ्या, कारण मूळ अडचण तिथे आहे. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ (२) (एफ) नुसार फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार, त्याच कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टाने मुदत लिहिली असेल तर तेवढ्यापुरता, लिहिली नसेल तर एक वर्षाचा. वकिलाकडून अर्ज टाकताना मुदत स्पष्ट मागून घ्या, हा सल्ला त्यासाठीच. एक वर्षाच्या पासपोर्टवर ५ वर्षांच्या नोंदणीचा काही उपयोग नाही.

दुसरं, नुसता एफआयआर असणं आणि कोर्टाने दखल घेतलेला खटला असणं यात कायद्याने फरक आहे. आपला गुन्हा कोणत्या टप्प्यावर आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं. खटला निकाली निघाला असेल, सरकारने मागे घेतला असेल किंवा हायकोर्टाने रद्द केला असेल तर त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. पोलिसांच्या नोंदीत नाव राहून गेलं असेल तर हाच कागद उपयोगी पडतो. आधी ही प्रत, मग पासपोर्ट, मग टीटीपी, असा क्रम ठेवा.

ईसीआर पासपोर्ट आणि ओसीआय

दहावी न झालेल्या आणि इतर कुठल्या सवलतीत न बसणाऱ्यांचा पासपोर्ट ईसीआर वर्गात येतो. आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. ई-गेटच्या योजनेने ही अट संपत नाही. एजंट तसं सांगत असेल तर तो एजंट बदला.

गोव्यातल्या ज्यांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलंय, तेही या योजनेत अर्ज करू शकतात. परदेशी पासपोर्ट बदलला असेल तर नव्या पासपोर्टची नोंद ओसीआयच्या पोर्टलवर आधी करून घ्या, नाहीतर दोन कागदांवर दोन नंबर दिसतील.

अमेरिकेला नेहमी जाणाऱ्यांसाठी

मुलगा-मुलगी अमेरिकेत आणि आई-वडील दरवर्षी वारी करतात, अशी घरं इंदूर, वडोदरा, हैदराबादेत खूप. अमेरिकेची अशीच योजना म्हणजे 'ग्लोबल एन्ट्री'. जुलै २०१७ पासून भारतीय नागरिकांना ती खुली आहे. फी १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या पुढे, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. मुदत ५ वर्षं. भारतीयांची पार्श्वभूमी इथेही तपासली जाते, आणि पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर त्यासाठी वेगळा अर्ज आहे. तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर मुलाखत होते. अमेरिकेत उतरल्यावर ठरावीक विमानतळांवर तिथल्या तिथेही मुलाखत देता येते.

दोन गोष्टी विसरू नका. ग्लोबल एन्ट्री म्हणजे व्हिसा नव्हे, व्हिसा लागतोच. आणि कस्टम्सला न सांगता फळं, मिठाई, मांसाहारी पदार्थ नेताना सापडलात तर सदस्यत्व जाऊ शकतं. डब्यात काय आहे ते खरं सांगा.

सिंगापूरला मात्र वेगळी नोंदणी लागत नाही. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाईन, फुकट भरायचं, आणि परदेशी पाहुण्यांनाही स्वयंचलित रांगेतून जाता येतं.

पैसे कुणालाही देऊ नका

भारताच्या टीटीपीला सरकारी फी शून्य आहे. 'अर्जंट मंजुरी', 'व्हीआयपी गेट पास' अशा नावाने कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात. फॉर्म भरायला मदत घेतलीत तर टायपिंगचे पैसे द्या, पण पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका. पासपोर्टची प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहिली असेल तर समोर उभं राहून पुसायला लावा.

मग नोंदणी करावी का?

वर्षातून एक-दोनदा मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबाद किंवा दिल्लीहून परदेशी ये-जा असेल तर जरूर करावी. चार वर्षांतून एकदा, तेही मोपाहून जाणाऱ्याने घाई करायचं कारण नाही. योजना ऐच्छिक आहे. आपले ठसे आणि चेहरा सरकारकडे ठेवायला ज्याचं मन तयार नाही, त्याच्यासाठी जुना काउंटर आहेच, आणि त्याचा हक्क कुठेही कमी होत नाही.

रजेवर आलेल्यांनी मात्र एक करावं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकावा. मंजुरीचा निरोप वेळेत आला तर परत जाताना विमानतळावर बायोमेट्रिक उरकेल, आणि पुढच्या गणपतीला येताना पहाटेची ती रांग बाजूला राहील.